तुम्ही स्वतः हा घेतला असता का?

ट्रायल रूमचा पडदा सारून त्या बाहेर आल्या, आरशासमोर एकदा सरळ आणि एकदा तिरप्या उभ्या राहिल्या, आणि मग आरसा सोडून माझ्याकडे वळल्या. गर्द हिरव्या रंगाचा, कमरेशी चुण्या घेतलेला लांब ड्रेस होता. वय पन्नाशीच्या आसपासचे, चेहऱ्यावर खरेदीचा उत्साह कमी आणि विचार जास्त. "ताई, एक विचारते," त्या म्हणाल्या, "दुकानातल्या म्हणून सांगू नका. तुम्ही स्वतः हा घेतला असता का?" अशा वेळी म्हणायची वाक्ये माझ्या जिभेवर कायम तयार असतात: रंग तुमच्यावर खुलतो आहे, कापडाचा फॉल सुंदर आहे, कमरेला नेमका बसला आहे. त्यांतले एक मी म्हटलेही. त्या हसल्या, कारण आपण विचारले त्याचे हे उत्तर नव्हे हे त्यांच्या लक्षात आले होते, आणि ड्रेस हातावर टाकून त्या काउंटरकडे गेल्या. प्रसंग एवढाच, पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि पुढे बरेच दिवस राहिला. मी खोटे बोलले असते तर निदान कसली टोचणी लागली आहे ते मला कळले असते. इथे अडचण वेगळी होती. तो ड्रेस आपल्याला आवडतो की नाही हे पाहायला मी मनात डोकावले, तेव्हा तिथे होकारही सापडला नाही आणि नकारही सापडला नाही. चालू हंगामातल्या मालाविषयी विक्रेतीचे जे मत असायला हवे, तेवढेच तिथे होते.

माझी आवड नेमकी कधी गेली, हे मला आठवेना.

फॅशनच्या दुकानात काम करणाऱ्यांचा दिवस शटर उघडण्याआधी सुरू होतो. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये कालची विक्री, आजचे टार्गेट आणि एका बिलामागे सरासरी किती नग गेले हे आकडे वाचून झाले की ग्रूमिंगची तपासणी होते. केस कसे बांधले आहेत, नखांचा रंग ठरलेल्या छटांपैकी आहे का, बूट पुसलेले आहेत का, नावाचा बिल्ला सरळ लावला आहे का. अंगावरचे कपडे चालू हंगामातलेच हवेत, त्यामुळे गेल्या हंगामात ज्या जाकिटाची आपण मनापासून स्तुती करत होतो, तेच जाकीट घालून या हंगामात फ्लोअरवर, म्हणजे ग्राहकांसमोर, येता येत नाही. मग दिवे लागतात, ठरलेली गाणी ठरलेल्या क्रमाने सुरू होतात, दुकानाचा ठरलेला सुगंध हवेत सोडला जातो आणि संध्याकाळपर्यंत तो केसांत इतका मुरतो की रात्री उशीलाही येतो. दिवसात केव्हातरी एखादी ग्राहक जवळ येते, माझ्या बाहीचे कापड न विचारता बोटांच्या चिमटीत धरते आणि म्हणते, "हे तुम्ही घातलेले कुठे ठेवले आहे?" त्यात उद्धटपणा नसतो. ती कापड पाहत असते, आणि बाहीच्या आत कोणाचा तरी दंड आहे हे तेवढ्यापुरते तिच्या ध्यानात नसते. मला त्याचा राग येत नाही. खरे सांगायचे तर अनेकदा अभिमान वाटला आहे, कारण तो कपडा माझ्या अंगावर चांगला दिसला म्हणून ती थांबलेली असते. तरीही घरी आल्यावर मी सर्वांत आधी त्या बाहीतून हात बाहेर काढते, हेही तितकेच खरे.

हे काम नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमधल्या गाजलाँ नावाच्या कापडाच्या दुकानात मारी व्हेर्ने ही तरुणी विक्रेती म्हणून काम करत होती. त्याच दुकानात नोकरीला असलेला चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्रज तरुण ग्राहकांना शाली दाखवताना त्या तिच्या खांद्यावर घालून दाखवत असे. पुढे दोघांचे लग्न झाले, १८५८ मध्ये वर्थने स्वतःचे फॅशनगृह काढले, आणि त्याने शिवलेले पोशाख घालून ती लोकांसमोर वावरू लागली. फॅशनच्या इतिहासात पहिली व्यावसायिक मॉडेल म्हणून जिचे नाव घेतात, ती अशी मुळात दुकानात उभी राहणारी होती. त्यानंतरच्या काळात फॅशनगृहांतल्या मॉडेलना उंची पोशाखाच्या आत गळ्यापासून पायांपर्यंत काळ्या सॅटिनचे आवरण घालावे लागे. पोशाख दिसावा आणि घालणारीची त्वचा दिसू नये, अशी ती व्यवस्था होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये 'ल्यूसिल' या नावाने व्यवसाय करणाऱ्या लेडी डफ गॉर्डन यांनी आपल्या मॉडेलना नवी नावेच दिली: गमेला, हेबे, डोलोरेस. घरच्या नावाने हाक मारली तर ओ देणाऱ्या त्या मुली दिवसभर दुसऱ्या कुणाच्या नावाने चालत, वळत आणि थांबत असत. त्यांची छायाचित्रे पाहताना मला माझी एक सहकारी आठवते. तिचे नाव चार अक्षरी आणि जोडाक्षराचे आहे. ग्राहकांना उच्चारायला सोपे जावे म्हणून बिल्ल्यावर त्यातली पहिली दोनच अक्षरे छापून आली. फ्लोअरवर ती त्या दोन अक्षरांना ओ देते, आणि जेवणाच्या सुट्टीत घरून फोन आला की आपले पूर्ण नाव सांगून बोलायला सुरुवात करते. घरच्यांना तिचे नाव सांगण्याची खरे तर काय गरज? पण ती सांगते, आणि मला ते फार योग्य वाटते.

अभ्यासकांनी या श्रमांना नावे दिली आहेत. हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये अमेरिकेत भावनिक श्रमाची संकल्पना मांडली गेली: मनात काहीही असले तरी चेहऱ्यावर ठरलेली भावना आणणे हेही कामच आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ग्लासगोमधली दुकाने, हॉटेले आणि बार पाहणाऱ्या संशोधकांनी त्यात सौंदर्यश्रमाची भर घातली: योग्य दिसणे, योग्य उभे राहणे आणि योग्य आवाजात बोलणे यांसाठीही माणसे निवडली जातात आणि घडवली जातात. हे सगळे मला पटते. माझे हसू आणि माझा आवाज दिवसाचे काही तास कामासाठी दिलेले असतात, आणि ते दिल्याचे मला फारसे दुःख नाही. शिक्षकांचा वर्गातला आवाज वेगळा असतो, परिचारिकेचा वॉर्डातला चेहरा वेगळा असतो, आणि त्यामुळे त्यांचे स्वत्व हरवले असे कुणी म्हणत नाही. घरी येऊन चेहरा धुतला की माझा चेहरा मला परत मिळतो. परत मिळत नाही ती नजर.

दुकानाच्या दारातून माणूस आत आला की त्याच्याकडे कसे पाहायचे, हे आम्हाला शिकवले जाते, आणि जे शिकवले जात नाही ते आजूबाजूला पाहून शिकले जाते. आधी बूट, मग बॅग, मग घड्याळ. हा घेणार आहे की फिरून जाणार आहे, हिला पुढच्या रॅककडे न्यायचे की मागच्या सवलतीच्या रॅककडे, कोणाच्या मागे लगेच जायचे आणि कोणाला थोडे थांबवले तरी चालेल. सुरुवातीला हे ठरवायला वेळ लागतो आणि संकोचही वाटतो. नंतर पापणी लवते न लवते तोच ते ठरून जाते, आणि कामावरून सुटल्यावरही ते थांबत नाही. बसमध्ये समोर बसलेल्या बाईंच्या खांद्याची शिवण एक बोट खाली उतरली आहे हे मला त्यांच्या चेहऱ्याआधी दिसते. घरच्या समारंभात सख्खी मावशी समोर येते आणि तिने काय घातले आहे हे मी आधी पाहते, ती थकलेली आहे हे मग. हे सगळ्यांत वाईट आहे असे मला वाटते. ब्रँडचे कपडे घालून ब्रँडसारखे दिसणे हा नोकरीचा भाग झाला. पण ब्रँडच्या डोळ्यांनी आपल्या माणसांकडे पाहू लागणे हा नोकरीचा भाग नाही, त्याचा पगारही कुणी देत नाही, आणि आपल्या हातून काही निसटले तर ते इथे निसटते. स्वतःची ओळख टिकवायची म्हणजे एखादी वेगळी अंगठी घालणे, एखादी बट मोकळी सोडणे, नियमात राहूनही थोडेसे बंड करणे, असे मला पूर्वी वाटत असे. तसे करणाऱ्या मुली मला आजही आवडतात. मात्र अंगठी घालूनही नजर परकी होऊ शकते, हे मी पाहिले आहे.

या नजरेने माणसांची वर्गवारी केली की पुढे काय होते, याची नोंद न्यायालयांच्या कागदपत्रांत आहे. अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या अमेरिकन कंपनीत विक्रेत्यांना मॉडेल म्हटले जाई आणि त्यांनी कसे दिसावे याचे लेखी धोरण होते. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या तरुणांना तिथे डावलले जाते किंवा ग्राहकांच्या दृष्टीआड, स्टॉकरूममध्ये ठेवले जाते, अशी तक्रार असलेल्या दाव्यात कंपनीने २००४ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलरची तडजोड केली. २००८ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा इथे सतरा वर्षांची एक मुलगी डोक्याला स्कार्फ बांधून मुलाखतीला गेली. मुलाखत घेणारीने तिला पात्र ठरवले, पण स्कार्फ धोरणात बसत नाही म्हणून वरून नकार आला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून २०१५ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालयाने कंपनीचा बचाव फेटाळला. त्याच वर्षी कंपनीने विक्रेत्यांना मॉडेल म्हणणे सोडले. या दोहोंच्या मधले, २००९ चे, याच कंपनीच्या लंडनमधल्या दुकानातले प्रकरण मला सर्वांत जास्त छळते. एका विद्यार्थिनीला जन्मापासून एक हात कोपरापासून पुढे नव्हता. कृत्रिम हाताचा सांधा झाकण्यासाठी ती गणवेशावर स्वेटर घालत असे. स्वेटर धोरणात बसत नाही म्हणून तिला फ्लोअरवरून काढून स्टॉकरूममध्ये पाठवण्यात आले. न्यायाधिकरणाने तिला सुमारे नऊ हजार पौंडांची भरपाई दिली. रक्कम मोठी नाही. पण तिला मागे पाठवणाऱ्या माणसाला त्या क्षणी आपण काही भयंकर करतो आहोत असे वाटलेही नसेल. रॅकवरचा एक नग जागा चुकून ठेवला होता, तो उचलून दुसरीकडे ठेवला, इतक्या सहजतेने ते घडले असेल, असे मला राहून राहून वाटते. कारण ती सहजता माझ्या ओळखीची आहे.

स्टॉकरूम मी चांगली ओळखते. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे मागच्या खोलीत एक बाई होत्या. आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणत असू. शिवणकामाच्या कारखान्यात बरीच वर्षे काढून त्या दुकानात आल्या होत्या आणि फ्लोअरवर त्यांना कधी उभे केले गेले नाही. त्याचे कारण कोणी बोलून दाखवले नाही आणि त्यांनीही कधी विचारले नाही. आलेला माल उघडणे, टॅग लावणे, स्टीमरने सुरकुत्या काढणे ही त्यांची कामे. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जाऊन खोक्यावर बसत असे, कारण बसता येईल अशी दुकानात तेवढीच जागा होती. (दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्यांना बसायला जागा असली पाहिजे, ही गोष्ट केरळमधल्या कापडदुकानांतल्या बायकांनी आंदोलन करून २०१८ मध्ये कायद्यात आणवली, आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. मांडलेल्या कपड्याला थकवा येत नाही, तो घालून उभ्या असलेल्या बाईला येतो, हे सांगायला इतका काळ लागला.) काकू कोणताही कपडा हाती आला की आधी उलटा करत. "आतून बघ," त्या म्हणत, "बाहेरून सगळेच चांगले दिसते." शिवणीच्या आत किती कापड सोडले आहे, म्हणजे उद्या सैल करायचा झाला तर जागा आहे की नाही, चौकडी बाजूच्या शिवणीवर जुळली आहे की तुटली आहे, कारण जुळवायची तर कापड जास्त लागते आणि ते वाचवणारे पुष्कळ असतात, तिरका कापलेला ड्रेस हँगरवर टांगून ठेवला तर त्याचा घेर उतरतो, म्हणून तो घडी करून ठेवावा, लिनन ओले झाले की अधिक बळकट होते आणि व्हिस्कोस ओले झाले की दुबळे होते, म्हणून व्हिस्कोस पिळू नये. त्या अंगठ्याच्या पेराने कापड हळूच चोळत आणि डोळे मिटून सांगत, यात किती सूत आणि किती मिश्रण. मग टॅग पाहायचा. बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघे आणि त्यांना त्याचा लहान मुलीसारखा आनंद होई.

त्या खोलीत मला माझ्या अस्वस्थतेची गाठ कुठे आहे ते उमगू लागले होते, पण ते नीट समजायला हिरव्या ड्रेसवाल्या बाईंचा प्रश्न यावा लागला. माझ्या नजरेत दोन गोष्टी एकत्र वाढल्या होत्या. एक कापड पाहणारी, शिवण पाहणारी, काकूंनी दिलेली. दुसरी माणसाला किंमत लावणारी, फ्लोअरने दिलेली. दोन्ही वेगाने चालतात, दोन्ही अंगावरच्या कपड्यांवर टेकतात, आणि म्हणून मला त्या एकच वाटत होत्या. पहिली माझी आहे. तिच्यात माझे शिकणे आहे, माझ्या बोटांची सवय आहे, आणि उद्या दुकान बदलले तरी ती माझ्याबरोबर येणार आहे. दुसरी दुकानाची आहे, आणि तिथून निघताना ती बिल्ल्याबरोबर काढून ठेवता आली पाहिजे. हे काढून ठेवणे सोपे नाही. मी जाणूनबुजून त्याचा सराव करते: कोणी समोर आले की आधी चेहरा, आणि चेहरा पुरता पाहून झाल्याशिवाय खाली बुटांकडे जायचे नाही. काही दिवस ते जमते, काही दिवस जमत नाही.

ट्रायल रूमच्या बाहेर उभे राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज ऐकू येते. कपडा बसला नाही की बायका स्वतःला दोष देतात. माझेच पोट सुटले आहे, माझेच दंड जाड आहेत, माझी उंचीच कमी. कपड्याचा दोष असू शकतो हे क्वचितच कोणाच्या मनात येते. काचेच्या आत उभ्या केलेल्या डमीवर तोच कपडा इतका नेमका दिसलेला असतो, आणि पाठीमागे आम्ही तो पिना आणि क्लिपा लावून आवळलेला असतो हे रस्त्यावरून दिसत नाही. त्या डमी तरी कशा असतात? इंग्लंडमधल्या दोन शहरांतल्या दुकानांची पाहणी करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्त्रियांची प्रत्येक डमी कमी वजनाच्या शरीराची आढळली. पुरुषांच्या डमींमध्ये ते प्रमाण ८ टक्के होते. एका कंपनीची मध्यम साइज दुसऱ्या कंपनीच्या लहान साइजएवढी निघते, हेही ट्रायल रूममध्ये कोणी सांगत नाही. मी सांगू लागले आहे. डमीच्या पाठीवरच्या पिना दाखवते. "तुमचे दंड जाड नाहीत, इथे मुंढा उंच कापला आहे, म्हणून काचतो," असे सांगते. "या कापडाला सुरकुत्या पडणारच, रोज इस्त्री करणार असाल तर घ्या," असेही सांगते. त्यामुळे कधी बिल होत नाही. कधी त्याच बाई पुढच्या महिन्यात येऊन मलाच शोधतात. टार्गेटच्या तक्त्यात यातली पहिली गोष्ट लगेच दिसते आणि दुसरी मुळीच दिसत नाही, आणि त्या तक्त्यावर माझ्या घरचा खर्च चालतो. हा ताण मिटलेला नाही, मिटेल असेही मला वाटत नाही. पण कपड्याविषयी खरे बोलल्यावर मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येतो, ठरलेल्या पट्टीतला असला तरी.

या कामावर माझे प्रेम आहे, हेही लिहिले पाहिजे, नाहीतर वरचे सगळे एकांगी होईल. मी या क्षेत्रात आले तेव्हा अनोळखी माणसाशी डोळ्याला डोळा देऊन बोलता येत नव्हते. चांगले बेतलेले जाकीट घातल्यावर पाठ आपोआप ताठ होते आणि ताठ पाठीने बोललेले वाक्य अर्ध्यावर तुटत नाही, हे मला दुकानाने शिकवले. नवा माल उघडतानाचा कोऱ्या कापडाचा वास मला आजही हवासा वाटतो. आणि आवडही हळूहळू परत येते आहे. सुट्टीच्या दिवशी मी टॅग न पाहता कपड्यांना हात लावत फिरते. त्यातून कळले की मला खोल खिसे आवडतात, धुऊन धुऊन विटलेला निळा रंग आवडतो, मनगटाशी घट्ट असलेल्या बाह्या आवडत नाहीत, आणि कोणत्याही हंगामात विकला न जाणारा मातकट तपकिरी रंग तर फारच आवडतो. हे शोध कोणाच्या उपयोगाचे नाहीत. मला मात्र ते मोठे वाटतात.

आता नव्या मुलींच्या प्रशिक्षणाची काही जबाबदारी माझ्याकडे आली आहे. गेल्या खेपेच्या मुलींत एकीच्या हातावर कोडाचे डाग आहेत. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेऊन विचारले की पूर्ण बाह्यांचे कपडे मिळतील का. हवे असतील तर मिळतील, पण ते तुझ्यासाठी हवेत की आमच्यासाठी, एवढे ठरवून सांग, असे मी तिला म्हटले. तिने दोन दिवस पूर्ण बाह्या घातल्या आणि नंतर घातल्या नाहीत. ती फ्लोअरवर पुढच्या भागात उभी असते, आणि तिथून तिला कोणी हलवू पाहिले तर मी काय बोलणार आहे, ते माझे ठरलेले आहे. तिला आणि तिच्याबरोबरच्या मुलींना आम्ही जी पुस्तिका देतो तिच्यात केसांवर एक पान आहे, नखांवर एक आहे, बुटांवर आणि बिल्ल्यावर आहे, हसण्यावरही आहे. कापडावर एकही पान नाही. ते मी लिहायला घेतले आहे. वरच्या लोकांनी ते छापले नाही तर हाताने लिहून वाटीन. पहिली सूचना कपडा उलटा करून आतून पाहण्याची आहे, दुसरी ओल्या व्हिस्कोसची, आणि या दोन्ही कोणाकडून शिकले ते काकूंचे नाव, त्यांना विचारून, मी पानाच्या वरच्या बाजूला पूर्ण लिहिणार आहे.